न दिसणाऱ्या कामाची वेबसाइट

जो धंदा दिसत नाही तो चालत नाही, हे आधुनिक व्यापाराचं पहिलं तत्त्व आहे. या तत्त्वाविरुद्ध कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. ज्यांची तक्रार होती त्यांचे धंदे दिसत नसल्यामुळे तक्रारही दिसली नसावी.

तात्या मात्र हे तत्त्व न जुमानता अर्धं आयुष्य निवांत धंदा करत आले होते. तात्या रफू करायचे. औषधाचं दुकान आणि चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये एक जिना होता, आणि जिन्याखाली जी तिरकी जागा उरते, जिथे बाकीचे लोक मोडक्या खुर्च्या आणि केरसुणी ठेवतात, तिथे त्यांचं दुकान होतं. एक स्टूल, मान वाकवलेला दिवा, दोरीला टांगलेलं भिंग आणि सुया. आत येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कितीही मोठा असो, तात्यांपुढे वाकावंच लागायचं. (छत खाली होतं.)

कोटाला सिगारेटचा चटका बसावा, स्वेटर खिळ्याला अडकावा, शालीवर कसरीने जेवण उरकावं, की तात्या त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायचे आणि भोकात एक उभा एक आडवा विणत बसायचे. काम संपलं की भोक कुठे होतं हे गिऱ्हाइकाला सोडाच, कधीकधी तात्यांनाही सांगता यायचं नाही. गिऱ्हाईक कोट उलटापालटा करायचं, उजेडात धरायचं, आणि शेवटी संशयाने विचारायचं, "केलंत ना नक्की?"

रफूचं गिऱ्हाईक हे गुप्तरोगाच्या गिऱ्हाइकासारखं असतं. ते आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघतं. मग पिशवीतून पिशवी काढतं, त्या पिशवीतून कोट काढतं आणि हळू आवाजात सांगतं, "माझ्या एका मित्राचा आहे." तात्यांच्या अंदाजाने गावातली सगळ्यांत जास्त भोकं या मित्राच्या कपड्यांना होती. तात्यांनी कधी कोणाचं नाव विचारलं नाही, आणि बाजारात गिऱ्हाईक समोर आलं तर ओळखही दिली नाही. सगळं गाव तात्यांकडे यायचं आणि सगळ्या गावाला ते कुठे बसतात हे माहीत नव्हतं. धंदा झकास चालला होता.

अशा सुखी माणसाला वेबसाइटची गरज आहे, हे त्याचं त्याला कळणं अवघड असतं. त्यासाठी जावई लागतो.

जावईबापू आधी एका कंपनीत होते. ते कंपनीतून बाहेर पडले की कंपनीने त्यांना बाहेर काढलं, याबाबत दोन मतं आहेत आणि दोन्ही त्यांचीच आहेत. त्यानंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत 'लघुउद्योग प्रसिद्धी सल्ला केंद्र' काढलं. केंद्राला टेबल होतं, फिरती खुर्ची होती, दारावर पाटी होती. उद्योग तेवढे यायचे बाकी होते. जावईबापू दिवसभर खुर्चीत बसून थोडे डावीकडे आणि थोडे उजवीकडे फिरायचे.

एका दुपारी लेक जिन्याखाली आली. "तात्या, ह्यांना पहिलं काम तुम्हीच द्या ना."

"अगं, मला प्रसिद्धी घेऊन काय करायचंय?"

"तुम्हाला नको हो. त्यांना हवीय." मग जरा थांबून म्हणाली, "हल्ली जेवताना बोलतसुद्धा नाहीत."

लेकीच्या आवाजात एक बारीक उसवण होती. ती दिसायला तात्यांना भिंग लागलं नाही. ते म्हणाले, "बरं. सांग त्यांना."

मावशींना, म्हणजे तात्यांच्या बायकोला (त्यांना सगळी गल्ली मावशीच म्हणायची), हे अजिबात पसंत पडलं नाही. दुपारचा डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, "लोकांचं तुम्ही झाकता म्हणून लोक येतात. उघडं करणारे काय, शेजारीपाजारी फुकट मिळतात."

"अगं, जावई आहे तो."

"म्हणूनच बोलतेय. परका असता तर हाकलला असता."

यथावकाश वेबसाइट तयार झाली. जावईबापूंनी ती तात्यांना फोनवर दाखवली. पहिल्याच पानावर काचेची एक उत्तुंग इमारत होती.

"हे कुणाचं?" तात्यांनी विचारलं.

"आपलंच. म्हणजे, तसं वाटायला पाहिजे."

'आमच्याविषयी' या सदरात असं लिहिलं होतं: 'वस्त्र-पुनरुज्जीवन क्षेत्रातील अग्रगण्य संस्था. ग्राहकाच्या उणिवा भरून काढणे हे आमचे ध्येय असून, आम्ही कोणतीही कसर ठेवत नाही.' (हे शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं. कसर तात्या झटकूनच काढायचे.) 'आमची टीम' या सदरात संस्थापक म्हणून तात्या, आतिथ्य विभागाच्या प्रमुख म्हणून मावशी, आणि त्याखाली कोट घातलेली चार हसरी तरुण मंडळी होती. त्यांना तात्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तात्यांनी भिंग लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, हा डावीकडचा जो आहे ना, त्याच्या बाहीची शिवण सुटत आलीय. निरोप द्या त्याला."

खरी अडचण फोटोंची झाली. प्रसिद्धीशास्त्राचा असा दंडक आहे की कामाचा फोटो 'आधी' आणि 'नंतर' असा जोडीने द्यावा. जावईबापू रोज जिन्याखाली येऊन, जे काही कामाला आलं असेल त्याचे फोटो काढू लागले. 'आधी'मध्ये भोक असायचं. 'नंतर'मध्ये नुसता कोट असायचा. बघणाऱ्याला वाटायचं, हे दोन वेगळे कोट आहेत आणि या माणसाकडे एक चांगला कोट आहे, यात अग्रगण्य ते काय? म्हणून जावईबापूंनी 'नंतर'च्या फोटोवर, जिथे भोक होतं तिथे, लाल बाण काढायला सुरुवात केली. त्यावर कोणीतरी लिहिलं, 'बाण छान आहे. पण तो काय दाखवतोय?'

"तात्या, थोडं दिसेल असं करता नाही का येणार?" जावईबापूंनी नम्रपणे विचारलं.

"काय दिसेल असं?"

"रफू."

तात्या त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. स्वयंपाक्याला कोणी 'जरा खडा लागेल असं करा' म्हटल्यावर तो जसा बघेल, तसे.

पहिल्या आठवड्यात वेबसाइटला एकशे चाळीस भेटी झाल्या. पैकी एकशे बारा जावईबापूंच्या आणि अठरा लेकीच्या होत्या. उरलेल्या दहा कोणाच्या, याचा शोध चालू असताना त्यातल्या सात मावशींच्या निघाल्या. त्या फोन पुसत होत्या.

आणि मग एक दिवस चौकडीच्या एका कोटाच्या फोटोखाली कोणीतरी लिहिलं, 'हा तागेशेठचा ना?'

इथे तागेशेठ कोण ते सांगायला हवं. चौकातल्या तीन मजली कापड दुकानाचे ते मालक. कापडाचे तागे मोजण्यात हयात गेली म्हणून गावाने त्यांना हे नाव दिलं होतं. त्यांच्या दुकानावर हातभर अक्षरात लिहिलेलं होतं: 'फाटलं? फेका! नवं घ्या!' प्रत्येक समारंभात ते याच विषयावर भाषण करायचे आणि प्रत्येक भाषणाला तोच चौकडीचा कोट घालायचे. तो कोट सगळ्या गावाला पाठ होता. आता त्याच्या काखेतलं भोकही पाठ झालं.

तिथून पुढे प्रसिद्धीला सीमा राहिली नाही. रफू कोणाला नको होता, पण भोकं सगळ्यांना बघायची होती. बँकेत, न्हाव्याकडे, बसच्या रांगेत लोक फोनवर मान घालून 'ही शाल कोणाची', 'ही पँट कोणाची' ओळखत बसू लागले. फोटो मोठा करून बघायची सोय जावईबापूंनी मागणीवरून करून दिली. बटणांवरून डॉक्टर ओळखले गेले. पाठीवरच्या शाईच्या डागावरून पोस्टमास्तर ओळखले गेले. गावातला एक नामवंत ब्रह्मचारी एका फुलाफुलांच्या स्वेटरमुळे ओळखला गेला, आणि तो स्वेटर कोणी विणून दिला हेही त्याच दिवशी ठरलं. (चुकीचं ठरलं, पण एकदा ठरल्यावर काय करणार.) नवराबायकोंमध्ये संवाद वाढला. 'कोट नवीन आहे म्हणाला होतात ना?' या वाक्याने सुरू होणारे संवाद विशेष वाढले.

जावईबापूंनी आनंदाने आलेख आणून दाखवला. रेघ वर, वर, कागदाबाहेर निघाली होती.

"आणि दुकानात?" तात्यांनी विचारलं.

"दुकानाचा आलेख आपण काढलेला नाही."

तो काढायला सोपा होता. दुकानात कोणी येतच नव्हतं. प्रसिद्धी आली आणि गिऱ्हाईक रफूचक्कर झालं. पूर्वी जे गिऱ्हाईक रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून आत यायचं, ते आता दोन्ही टोकांना बघून जिन्यासमोरून पळायचं. तात्या दिवा लावून, सुईत दोरा ओवून बसायचे. संध्याकाळी दोरा काढून ठेवायचे.

त्यांना हे सगळं का झालं ते आधी कळलंच नाही. तात्यांची नजर हातभराच्या आतली. पहिल्या दिवसानंतर फोनमध्ये काय चाललंय ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. कळलं ते मुख्याध्यापिकाबाईंमुळे. कडाक्याच्या गारठ्यात बाई रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालल्या होत्या, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. अंगावर शाल नव्हती. राखाडी, काठाला निळी नक्षी असलेली त्यांची एकुलती एक शाल तात्यांनी नुकतीच करून दिली होती. ती न घालता बाई कुडकुडत का चालल्या आहेत, हे तात्यांना उमजेना.

"घालतील कशी?" मावशी म्हणाल्या. "वर्गात शिरल्या की पोरं बोटं गोल करून त्यातून बघतात. तुमच्या जावयाने भोक केवढं मोठं दाखवलंय, बघितलंत का? त्यातून आख्खी शाळा आत जाईल."

तात्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची वेबसाइट शेवटपर्यंत बघितली. एकेक फोटो खाली सरकवत गेले. सगळी भोकं त्यांच्या ओळखीची होती. जी भोकं या जगातून कायमची नाहीशी केल्याबद्दल त्यांना मनातल्या मनात अभिमान होता, ती सगळी तिथे धडधाकट बसली होती. दुपारी त्यांनी डबा परत पाठवला.

संध्याकाळी ते लेकीच्या घरी गेले, 'ते फोटो काढा' असं सांगायचं पक्कं करून. दार जावईबापूंनी उघडलं. फिरत्या खुर्चीसमोर चक्क एक माणूस बसला होता. कवळ्या बसवणारे डॉक्टर होते, त्यांनाही 'आधी' आणि 'नंतर' हवं होतं. आतून लेकीचा हसण्याचा आवाज आला. जावईबापू डॉक्टरांना म्हणत होते, "हे आमचे सासरे. यांच्यामुळे सगळं. मी काय, नुसते फोटो काढले."

तात्या म्हणाले, "सहज आलो होतो." आणि पाणी पिऊन परत आले.

"सांगितलंत?" मावशींनी विचारलं.

"तो जेवताना बोलायला लागलाय," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखाली अंधार झाला. दारात तागेशेठ उभे होते. ते वाकायला तयार नव्हते, त्यामुळे त्यांचं धड आत आणि डोकं बाहेर अशी परिस्थिती होती. रागाची पहिली काही वाक्यं जिन्याला ऐकू गेली. मग मान दुखून आल्यामुळे ते वाकले आणि स्टुलावर बसले.

"तात्या, माझ्या तीन मजल्यांवर लोक येतात आणि विचारतात, शेठ, इथे रफू होतो का? हसतात! नवं कापड घ्यायला आलेली माणसं माझी काख बघतात!"

"चूक झाली, शेठ. काढायला सांगतो."

"आता काढून काय उपयोग? सगळ्यांच्या फोनात माझी काख आहे." माणूस चिडलेला होता, पण पिढीजात व्यापारी होता. बेअब्रूलासुद्धा गिऱ्हाईक असतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "एकूण किती लोक बघतात हो हे?"

आठवड्याच्या आत चौकातली पाटी बदलली. नवीन पाटीवर लिहिलं होतं: 'आम्हीही रफूचाच घालतो! जाणकारांसाठी खास रफू कोट.' दर्शनी कपाटात तो चौकडीचा कोट, काख वर करून, दिव्यांच्या झोतात ठेवला होता. तागेशेठ गिऱ्हाइकांना समजावून सांगत होते की बिनभोकाचा कोट कोणीही घालतं. भोक पडेपर्यंत कोट टिकवायला घराणं लागतं. ज्यांना घराणं नव्हतं त्यांची सोय म्हणून वरच्या मजल्यावर दोन माणसं नवे कोट फाडायला बसवली होती. फाडलेले कोट गठ्ठ्यांनी जिन्याखाली येऊ लागले.

तात्यांनी पहिला कोट हातात घेतला, भिंग लावलं, आतल्या दुमडीतून धागे ओढले आणि झटून काम केलं. तागेशेठनी कोट उलटापालटा करून बघितला.

"रफू कुठाय?"

"केलाय की."

"दिसत नाही! अहो, लोक पैसे कशाचे देणार? लाल दोऱ्याने करा. लांबून दिसला पाहिजे."

तात्यांनी लाल दोरा ओवला. प्रयत्न मनापासून केला, असं मावशी शपथेवर सांगतात. पण हाताला एकच वळण होतं. लाल दोरासुद्धा त्यांच्या हाताखालून इतका बारीक होऊन निघायचा की कोटाला लालसर झाक आल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या वेळी कोट परत आला तेव्हा मावशींनी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला. "आणा इकडे. एवढं काय त्यात?" आणि पोतं शिवायच्या सुईने, गप्पा मारता मारता, कोपरावर एक असा गुंता घातला की बघणाऱ्याला वाटावं, कोटावर कोळी बसलाय आणि त्याला बरं नाहीये.

तागेशेठ हरखले. "ह्याला म्हणतात काम!"

जावईबापूंनी लगेच फोटो काढला. पहिल्यांदाच बाणाची गरज पडली नाही.

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. मावशी प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या प्रत्येक टाक्यात लोकांना एक विचार दिसू लागला. (मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, विचार होता खरा, गॅस बंद केला की नाही याचा.) 'आमची टीम' या पानावर त्यांचा फोटो सगळ्यांत वर गेला आणि तात्यांचा, 'कामाचे फोटो नीट येत नाहीत' या तांत्रिक कारणाने, काढून टाकण्यात आला. जावईबापू कवळ्या, पडदे आणि पाण्याच्या टाक्या अशा विविध क्षेत्रांतल्या संस्थांना अग्रगण्य करण्यात गुंतले. खोटी भोकं भरपूर मिळू लागल्यावर खऱ्या भोकांत कोणाला रस उरला नाही. तात्यांनी हळूच शब्द टाकला तेव्हा जावईबापू म्हणाले, "ते जुने फोटो? काढूनच टाकतो. त्यांना दर्जा नाही."

बाई आता शाल घेऊन शाळेत जातात. पोरांना वाटतं, त्यांनी ती मुद्दाम भोकाचीच घेतलीय, आणि दोघातिघांच्या आयांनी बाईंना दुकानाचं नावही विचारलं. परवा त्या मावशींचं काम बघायला म्हणून जिन्याखाली आल्या. मावशी चौकात मुलाखतीला गेल्या होत्या. बाईंनी मागे वळून बघितलं, पिशवीतून पिशवी काढली आणि हळूच म्हणाल्या, "तात्या, त्या नवीन पद्धतीचं नको हं. तुमचं ते... काही दिसत नाही, ते."

तात्यांनी दिवा जवळ ओढला. बाहेर मावशींसोबत फोटो काढायला आलेल्यांची रांग असते. तिच्यात उभं राहिलं की कोणाला संशय येत नाही, त्यामुळे जुनी गिऱ्हाइकं आता बिनधास्त येतात आणि रांगेतून अलगद आत सटकतात. तात्यांना इतकं काम पूर्वी कधीच नव्हतं. वेबसाइटमुळे धंदा वाढतो असं जावईबापू म्हणत होते, ते शेवटी खरं ठरलं. कसं ते विचारू नये.

ही हकीकत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतल्या एकानेही तात्यांची प्रकृती कशी आहे असं विचारलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं: वेबसाइटचा पत्ता काय? सहज, म्हणजे शेठची काख बघायला वगैरे नव्हे, मांडणी कशी केलीय ते बघायला. पत्ता इथे मुद्दाम दिलेला नाही. जुने फोटो काढून टाकल्याचं जावईबापू सांगतात. पण ते नीट निघालेले नाहीत, शेवटच्या पानावर अजून आहेत, आणि त्यात तुमचाही एक आहे. तुम्ही आत्ता, कोणी बघत नाही ना याची खात्री करून, ज्या कोपराकडे नजर टाकलीत, ते नव्हे.

दुसरं.